आर्क्टिकच्या गावात पाहुणं म्हणून जाताना: प्रत्येक नियमामागची गोष्ट

आज आपण इतिहास बघायला बरंच उत्तरेला जाणार आहोत, पार आर्क्टिक सर्कलच्या वर.

ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्यावर इत्तोक्कोर्तूर्मीत नावाचं एक गाव आहे. हळूहळू म्हणून बघा, जमतं. लोकवस्ती साधारण ३५०. डोंगरात आत घुसलेल्या समुद्राला तिकडे फियोर्ड म्हणतात. जगातली सगळ्यात मोठी फियोर्डची रांग इथे आहे आणि हे गाव तिच्या तोंडाशी वसलेलं आहे. वर्षातले बरेच महिने समुद्र गोठलेला असतो, त्यामुळे मालाचं जहाज फक्त उन्हाळ्यात येऊ शकतं. आणि नेमक्या त्याच काही आठवड्यांत पर्यटकांची जहाजंही येतात. कधीकधी एका जहाजावर अख्ख्या गावापेक्षा जास्त माणसं असतात.

आता आपल्याकडेही नॉर्दर्न लाइट्सच्या टूर निघतात. पुण्या-मुंबईची माणसं नॉर्वे, आइसलँड करून येतात आणि मग पुढचा प्रश्न येतोच, ग्रीनलँड कधी? आमच्या ग्रुपमध्येही ते बोलणं चालू आहे. म्हणून मी अशा गावांमध्ये जाणाऱ्या पर्यटकांसाठी काय सूचना असतात ते वाचत होतो. आर्क्टिकमध्ये छोटी जहाजं नेणाऱ्या कंपन्यांची एक संघटना आहे, २००३ साली सुरू झालेली. त्यांच्या सूचना आहेत. काही गावांनी तर आपापल्या गावापुरती वेगळी यादी करून दिली आहे.

यादीतला मजकूर साधारण असा असतो. विचारल्याशिवाय माणसांचे फोटो काढू नका. घराच्या खिडकीतून आत डोकावू नका. जमिनीवरचं काही उचलू नका, दगड असो की हाड. बांधलेल्या कुत्र्यांना हात लावू नका. सगळे एकदम गावात उतरू नका. लोक काय खातात, कशाची शिकार करतात यावर शेरे मारू नका.

हे वाचून आमच्यातला एक मित्र म्हणाला, "एवढे पैसे भरून जायचं आणि वर इतक्या अटी?"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे जुन्या कोडमध्ये अशा विचित्र अटी नेहमी सापडतात. हे असेल तर थांब, ते असेल तर पुढे जाऊ नको. नवीन माणसाला वाटतं, कशाला हवंय हे, टाका काढून. सीनियर मंडळी म्हणतात, थांब, आधी हिस्टरी बघ. आणि हिस्टरी उघडली की कळतं, कधीतरी रात्री दोन वाजता इथेच सगळं कोसळलं होतं. तेव्हा ज्याने निस्तरलं त्याने ती ओळ लिहून ठेवली.

तर आज आपण या यादीची हिस्टरी बघू. एक खुलासा आधीच करतो. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नेमक्या याच घटना होत्या असा माझा दावा नाही. पण त्या भागात बाहेरून आलेल्या पाहुण्यांचा इतिहास असा आहे, आणि तिथल्या घराघरांत तो माहीत आहे.

काही उचलू नका

ग्रीनलँडच्या वायव्य टोकाला इनुघुइट लोक राहतात. हे इनुइट समाजातले सगळ्यात उत्तरेकडचे लोक. १८१८ मध्ये जॉन रॉस हा ब्रिटिश दर्यावर्दी तिथे पोचला, तेव्हा या लोकांकडे लोखंडी धारेच्या सुऱ्या बघून तो चक्रावला. तिथे ना खाण, ना भट्टी. मग लोखंड आलं कुठून? ते आलं होतं आकाशातून. केप यॉर्क भागात प्रचंड उल्का पडल्या होत्या आणि पिढ्यानपिढ्या लोक त्यांचे तुकडे ठोकून काढून सुऱ्या आणि भाल्यांची टोकं बनवत होते.

रॉसला त्या उल्का सापडल्या नाहीत. १८९४ मध्ये अमेरिकन रॉबर्ट पिअरीला एका स्थानिक वाटाड्याने ती जागा दाखवली. पिअरीने पुढच्या तीन वर्षांत तिन्ही मोठ्या उल्का जहाजावर चढवून नेल्या. त्यातली सगळ्यात मोठी अह्निघितो, वजन सुमारे ३१ टन. १८९७ मध्ये ती न्यूयॉर्कला पोचली. पुढे पिअरी कुटुंबाने या उल्का ४०,००० डॉलरला न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला विकल्या. आजही अह्निघितो तिथेच आहे. ती इतकी जड आहे की तिचे आधार इमारतीच्या पायाखालच्या खडकापर्यंत नेलेले आहेत.

तोवर इनुघुइट लोकांना व्हेल पकडणाऱ्या जहाजांकडून लोखंड मिळू लागलं होतं, हे खरं. कुणी म्हणेल, मग त्यांना उल्केची गरजच कुठे होती? पण गरज संपली म्हणून वस्तू दुसऱ्याची होते का? आजीच्या घरातलं जातं आता कुणी वापरत नाही, पण म्हणून पाहुणा ते उचलून विकायला नेऊ शकत नाही.

'खिशात एक खडा टाकला तर काय बिघडतं' असं वाटलं, तर हे ३१ टन आठवा. पिअरीलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

माणसं म्हणजे प्रदर्शन नाही

त्याच १८९७ च्या जहाजावर उल्केबरोबर सहा माणसंही होती. किसुक आणि त्याचा सहा-सात वर्षांचा मुलगा मिनिक. नुक्ताक, त्याची बायको आतांगाना, त्यांची मुलगी अविआक. आणि उइसाकासाक नावाचा एक तरुण. म्युझियममधल्या शास्त्रज्ञांना अभ्यासासाठी तिथला माणूस हवा होता. पिअरीने एकाऐवजी सहा आणले.

जहाज धक्क्याला लागलं, तेव्हा हजारो लोक पैसे देऊन त्यांना बघायला आले. मग त्यांना म्युझियमच्या तळघरात ठेवलं. काही महिन्यांत सगळे आजारी पडले. त्यांच्या शरीराला इथल्या रोगांची सवयच नव्हती. फेब्रुवारी १८९८ मध्ये किसुक गेला. त्याच वर्षी आतांगाना, नुक्ताक आणि अविआकही गेले. उइसाकासाकला परत पाठवलं. राहिला एकटा मिनिक. म्युझियमच्या एका अधिकाऱ्याने त्याला आपल्या घरी वाढवलं.

आता पुढचं नीट ऐका. वडील गेले, तेव्हा पोराच्या समाधानासाठी म्युझियमच्या बागेत त्यांचा दफनविधी झाला. त्यांच्या रीतीप्रमाणे वर दगड रचले. मिनिक रडला, त्याने निरोप घेतला. पण खाली त्याचे वडील नव्हतेच. कापडात गुंडाळलेला लाकडाचा ओंडका होता. किसुकची हाडं साफ करून म्युझियमच्या संग्रहात ठेवली होती.

मिनिक मोठा झाल्यावर त्याला हे कळलं. १९०७ मध्ये ही बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आली. मुलगा वडिलांचे अवशेष मागत होता, म्युझियम देत नव्हतं. १९०९ मध्ये तो ग्रीनलँडला परतला, तेव्हा स्वतःची भाषा विसरला होता. ती पुन्हा शिकला, शिकार शिकला. तरी मन रमेना. १९१६ मध्ये परत अमेरिकेत आला, न्यू हॅम्पशायरच्या जंगलात लाकूडतोडीच्या कामाला लागला आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला. तिशीसुद्धा गाठली नाही त्याने.

किसुक आणि बाकी तिघांचे अवशेष परत गेले ते १९९३ मध्ये. कानाक गावात त्यांचं दफन झालं आणि 'ते घरी आले आहेत' अशा अर्थाची पाटी तिथे लावली गेली. जवळपास ९५ वर्षं लागली.

आता कॅमेऱ्याचा नियम पुन्हा वाचा. दारात बसलेल्या आजींवर, मासे सोलणाऱ्या बाईवर, शाळेतून येणाऱ्या मुलांवर शंभर जण एकदम मोबाइल रोखतात, तेव्हा आपल्या मनात वाईट काहीच नसतं. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आलेल्या लोकांच्याही मनात नव्हतं. ते फक्त बघायला आले होते.

हे गाव इथे का आहे ते विचारा

कानाक हे नाव ऐकलंत. या गावाचीही एक गोष्ट आहे. इनुघुइट लोकांची मूळ वस्ती होती साधारण १०० किलोमीटर दक्षिणेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने तिथे थुले हा मोठा हवाई तळ बांधला. मे १९५३ मध्ये डेन्मार्कच्या प्रशासनाने २७ कुटुंबांना काही दिवसांत जागा सोडायला लावली. नवीन जागी घरं तयार नव्हती, सुरुवातीला तंबूत राहावं लागलं. कोर्टाने नुकसानभरपाई दिली १९९९ मध्ये. जमीन मात्र कोर्टाने परत दिली नाही.

म्हणजे बघा, किसुक घरी आला, पण ज्या गावात आला ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तो अमेरिकेत होता तोवर घरच हललं होतं.

आणि हे एकट्या ग्रीनलँडचं नाही. त्याच १९५३ साली कॅनडा सरकारने क्वेबेकमधल्या इनुकजुआक गावातून इनुइट कुटुंबं उचलून सुमारे २००० किलोमीटर उत्तरेला रेझोल्यूट आणि ग्रीस फियोर्ड इथे नेऊन सोडली. ग्रीस फियोर्डचं इनुइट नाव औयुइत्तुक, म्हणजे जिथलं बर्फ कधी वितळत नाही ती जागा. हिवाळ्यात तिथे काही महिने सूर्यच उगवत नाही. या लोकांना अशा अंधाराची सवय नव्हती, शिकारही वेगळी होती. सरकारने माफी मागितली २०१० मध्ये.

आपलं इत्तोक्कोर्तूर्मीतही १९२५ मध्ये वसवलेलंच गाव. एइनार मिकेल्सन या डॅनिश माणसाच्या पुढाकाराने दक्षिणेकडच्या अम्मास्सालिक भागातली कुटुंबं तिथे आणली. जुन्या जागी शिकार पुरत नव्हती, हे एक कारण. आणि पूर्व ग्रीनलँड कुणाचं यावर नॉर्वे आणि डेन्मार्कचं भांडण चालू होतं, माणसं राहत असली की दावा पक्का होतो, हे दुसरं. १९३३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल डेन्मार्कच्या बाजूने दिला.

'जगाच्या टोकावरचं गाव', 'काळ थांबलेली जागा' असं आपण रीलवर लिहितो ना, तिथे जरा थांबायला हवं. ही गावं टोकावर आपोआप नाहीत. त्यातली काही दूरच्या राजधानीत बसलेल्या कुणीतरी नकाशावर बोट ठेवून वसवली. काळ तिथे थांबलेला नाही, उलट तो त्या लोकांना ढकलत घेऊन गेला.

नाव विचारा

आपण शाळेत 'एस्किमो' आणि 'इग्लू' शिकलो. एस्किमो हे त्यांना बाहेरच्यांनी दिलेलं नाव, आणि कॅनडा, ग्रीनलँडमध्ये ते अनेकांना अपमानास्पद वाटतं. ते स्वतःला इनुइट म्हणतात, अर्थ साधा, 'माणसं'. एक माणूस असेल तर इनुक. इग्लू म्हणजे त्यांच्या भाषेत कुठलंही घर, फक्त बर्फाचं नाही.

कॅनडात तर आणखी पुढची गोष्ट झाली. इनुइट लोकांना आडनाव नसायचं. सरकारी कारकुनांना नावं लिहिता येईनात, रजिस्टर जुळेना. मग १९४० च्या दशकात प्रत्येकाला नंबर दिला. गोल बिल्ला, दोरी ओवून गळ्यात घालायचा. पूर्वेकडचे असाल तर 'ई' अक्षर, पश्चिमेचे असाल तर 'डब्ल्यू', आणि पुढे आकडे. आमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक ओळीला एक युनिक नंबर असतो, अगदी तसं. सिस्टीमच्या दृष्टीने सोयीचं. पण गळ्यात घालणारी ओळ नव्हती, माणूस होता. १९६८ ते १९७१ या काळात एब ओकपिक नावाच्या इनुक माणसाने गावोगाव फिरून प्रत्येक कुटुंबाला विचारलं, तुम्हाला कुठलं आडनाव हवंय? तेव्हा कुठे नंबर हळूहळू गेले.

म्हणून तिकडे कुणाशी बोललात तर आधी नाव विचारा, आणि ते नीट म्हणायचा प्रयत्न करा. ग्रीनलँडमध्ये 'धन्यवाद'ला 'कुयानाक' म्हणतात, कॅनडात नुनावुतच्या पूर्व भागात 'कुयान्नामीक'.

त्यांचं ऐका

आता एक अशी गोष्ट, ज्यात न ऐकण्याची किंमत पाहुण्यांनीच मोजली.

१८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन एरेबस आणि टेरर ही दोन जहाजं घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिकला जायचा मार्ग शोधायला निघाला. सगळे मिळून १२९ जण. एकही परत आला नाही. १८५४ मध्ये डॉक्टर जॉन रे या शोधकाला इनुइट लोकांनी सांगितलं, की गोरी माणसं उपासमारीने मेली, आणि शेवटी त्यांनी मेलेल्यांचं मांसही खाल्लं. त्यांच्याकडे जहाजावरचे चांदीचे चमचे-काटे होते, ते रेने विकत घेतले. इंग्लंडमध्ये गहजब झाला. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात लिहिलं की या 'रानटी' लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. उलट त्यांनीच खलाशांना मारलं असेल, असाही सूर लावला.

नंतर सापडलेल्या हाडांवर सुरीच्या खुणा मिळाल्या. इनुइट खरं बोलत होते. जहाज कुठे बुडालं हेही त्यांच्या आजी-आजोबांच्या गोष्टींत होतं. २०१४ मध्ये एरेबस सापडलं, ते त्या गोष्टींत सांगितलेल्या भागातच. २०१६ मध्ये टेरर सापडलं, कारण जोआ हेवन गावच्या सॅमी कोगविकने शोधपथकाला सांगितलं, की काही वर्षांपूर्वी एका उपसागरात बर्फातून वर आलेलं डोलकाठीसारखं काहीतरी त्याने पाहिलं होतं. आज या जहाजांच्या जागेवर इनुइट राखणदार असतात आणि परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही.

याच जोआ हेवनला १९०३ ते १९०५ अशी दोन वर्षं रोआल्ड अमुंडसेन राहिला होता. तो नेत्सिलिक इनुइट लोकांकडून शिकला, कपडे कसे शिवायचे, कुत्र्यांच्या गाडीने कसं जायचं. १९०६ मध्ये त्याने तो मार्ग पूर्ण केला आणि १९११ मध्ये दक्षिण ध्रुव गाठला, तेही हेच शिक्षण वापरून. एकाने मोठी जहाजं नेली आणि सगळे गमावले, दुसऱ्याने सहा माणसांबरोबर जाऊन शेजाऱ्यांना विचारलं. अमुंडसेनने तिथून बऱ्याच वस्तूही नेल्या होत्या, अदलाबदल करून. त्यातल्या काही नॉर्वेच्या म्युझियमने २०१३ मध्ये जोआ हेवनला परत दिल्या.

मग जायचं की नाही?

जायचं. मला तरी जायचं आहे. अनेक गावांना पाहुणे हवेही असतात, त्यातून कमाई होते. प्रश्न कसं जायचं हा आहे.

२०१६ मध्ये क्रिस्टल सेरेनिटी नावाचं जहाज सुमारे १००० प्रवासी घेऊन कॅनडाच्या याच उत्तरेकडच्या मार्गाने गेलं. वाटेत उलुखाकतोक हे गाव, लोकवस्ती साधारण ४००. आधीपासून ठरवून प्रवासी छोट्या तुकड्यांत उतरवले. असं ठरवता येतं. म्हणून बुकिंगच्या वेळी पॅकेजमध्ये जेवण काय आहे हे विचारतो, तसंच हेही विचारा: गावाशी तुमचं आधी बोलणं झालंय का? एका वेळी किती जण उतरणार? गावातला गाइड असेल का? गाइडचा मुद्दा सुरक्षेचाही आहे, कारण इत्तोक्कोर्तूर्मीतसारख्या गावाबाहेर पांढरं अस्वल भेटू शकतं.

गावातल्या दुकानात गेलात तर फळ्या रिकाम्या करू नका, तो माल लोकांना पुढचं जहाज येईपर्यंत पुरवायचा असतो. गावातल्या कारागिराने केलेली वस्तू मात्र जरूर घ्या, पण ती कुठल्या प्राण्यापासून केली आहे आणि घरी न्यायला कायदेशीर आहे का, ते आधी बघा. ड्रोन विचारल्याशिवाय काढूच नका. कबरस्तानात पायवाट सोडू नका. कुत्री पाळीव लाडाची नसतात, कामाची असतात. पूर्व ग्रीनलँडमध्ये तर या जातीखेरीज दुसरी कुत्री आणायलाच बंदी आहे, इतकी ती जात जपतात.

आणि सीलचं मांस दिसलं तर नाक मुरडू नका. १९८३ मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यावर बंदी घातली. रोख दुसरीकडच्या व्यापारी शिकारीवर होता, पण भाव सगळ्याच कातड्यांचे कोसळले आणि पोटासाठी शिकार करणाऱ्या इनुइट कुटुंबांचं उत्पन्न बुडालं. २००९ च्या बंदीत इनुइट लोकांना सूट दिली, तोवर बाजारच उरला नव्हता. जिथे शेत पिकत नाही आणि एका कोबीसाठी जहाजाची वाट बघावी लागते, तिथे शाकाहाराचं प्रवचन द्यायला आपण जाऊ नये.

माझ्या त्या मित्राला मी एवढंच सांगितलं: पैसे आपण जहाजाला भरतो, गावाला नाही. गावाने आपल्याला बोलावलेलंच असतं असं नाही. त्यामुळे विचारायचं, आणि 'नाही' आलं तर हसून मोबाइल खिशात ठेवायचा. पिअरीला 'नाही' म्हणायची सोय त्या सहा जणांकडे नव्हती. आज गावं यादी लिहून 'नाही' म्हणतात, आणि ते आपल्याला वाचता येतं.

तुमच्यापैकी कुणी ग्रीनलँड किंवा नुनावुतला जाऊन आलं असेल, तर तिथे कुणाशी काय बोललात ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. फोटोपेक्षा मला तेच ऐकायला जास्त आवडेल. भेटू पुढच्या भागात.